दुसरीला गेली

वर्षातले अकरा महिने मला कुणी विचारलं, मुलं किती, तर मी फटकन सांगते, एकच मुलगी. जूनमध्ये माझी जीभ अडखळते. नाशकात शालिमारला दुकानांच्या फळ्यांवर वह्यांच्या थप्प्या लागतात, खाकी कव्हरांचे गुंडाळे उभे राहतात, दप्तरवाले अर्धा फूटपाथ अडवतात, आणि माझ्या डोक्यात आपोआप मोजणी सुरू होते. ही यंदा कितवीत, आणि ती यंदा कितवीत. हिचं ठीक आहे, ही समोर बसून अकरावीचा फॉर्म भरतेय. तिचं मोजायचं काय अडलंय, असं मी स्वतःलाच दरडावते. पण तोवर मोजून झालेलं असतं. यंदा ती बारावीत.

परवा अर्चनानं जन्मदाखल्याची झेरॉक्स मागितली. कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात रेशनकार्डाच्या खाली तो दाखला होता. घडीवर फाटत आलेला. मी तो तिच्या हातात दिला आणि उगाचच तारीख वाचून पाहिली. दहा वर्षं झाली, पण तो कागद हातात आला की मी आधी तारीख वाचते. बरोबर असते. तरी वाचते.

तसं पाहिलं तर आमच्या पिढीला तारखेचं काय कौतुक. माझी शाळेतली जन्मतारीख एक जून. यांचीही एक जून. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली, कारण गुरुजींनी आईबापाला विचारलं की ते सांगायचे, कांदे काढायला आले होते तेव्हाचा, किंवा मोठ्या पुराच्या वर्षीची. गुरुजी तरी काय लिहिणार? लिहायचे एक जून. आमच्या लग्नात दोन एक जून एकत्र आले, असं हे अजूनही पाहुण्यांना हसून सांगतात. अशा घरात एका तारखेपायी मी एवढा जीव टाकला, याचं आता मलाच नवल वाटतं. पण ती तारीख साधी नव्हती ना.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी दिंडोरीच्या अलीकडे आमच्या गावी गेले होते. दिवाळी होऊन गेली होती. मुलगी झाली. दादा, म्हणजे माझे वडील, कामाचे मोठे काटेकोर. तिसऱ्याच दिवशी पंचायतीत जाऊन जन्माची नोंद करून आले. नावाची जागा रिकामी ठेवली, बारशानंतर लिहू म्हणाले. नाव माझ्या मनात पक्कं होतं. मैथिली. शाळेत माझ्या शेजारी त्या नावाची मुलगी बसायची, हुशार, लांब वेण्यांची. पण बारशाआधी नाव तोंडातून काढू नये, असं आमच्याकडे मानतात. आत्यानं पाळण्यात वाकून कानात सांगेपर्यंत ते बोलायचं नाही. म्हणून मी यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. माळ्यावरचा पाळणा खाली काढून, धुऊन, अंगणात वाळत ठेवला होता.

नवव्या दिवशी ती गेली. आदल्या संध्याकाळपासून दूध ओढेना, सकाळी अंग निळसर पडलं, तालुक्याला न्यायला जीप येईस्तोवर सगळं संपलं होतं. दादा आणि चुलते तिला घेऊन गेले. बाळंतिणीनं उठायचं नाही, म्हणून मला खाटेवरच ठेवलं. कुठे ठेवलं तिला, ते मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. बायका येत होत्या, पदर डोळ्याला लावत होत्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, गेली ती गेली, आता तू सांभाळ स्वतःला. कुणीही दुसरा शब्द वापरला नाही. मग मीही नाही वापरला.

दीड वर्षानं धाकटी झाली. तिथेच, त्याच खाटेवर. या वेळी माझी आई कुणाचं ऐकायला तयार नव्हती. पाळणा नको, बारसं नको, नवा कपडा नको. चार घरची जुनी झबली मागून आणली आणि पोरीला हाक मारली, धोंडी. धोंडा कुणी उचलून नेत नाही, म्हणून. मी एस. एस. सी. झालेली, नाशकात सिडकोत राहणारी, साड्यांना फॉल-बिडिंग करून दोन पैसे मिळवणारी बाई, मला हे पटायला नको होतं. मुकाट्यानं पटवून घेतलं. आई म्हणाली, "नाव काय ठिवायचं ते शाळंत घालताना ठिव. तवर धोंडीच बरी हाय." पंचायतीत हिचीही नोंद दादांनी केली, हिचीही नावाची जागा रिकामीच. पाच वर्षं आमच्या कॉलनीत ती धोंडी म्हणून वाढली. शेजारणी लाडानं धोंडू म्हणायच्या. पोर त्या हाकेला अशी ऐटीत ओ द्यायची, की मला वाटायचं, हिला खरं नाव दिलं तर ही रुसेल.

आणि ते खरं नाव मी जपून ठेवलं होतं. तेच. दुसरं काही शोधलंच नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात तिला शाळेत घालायची तयारी सुरू झाली. आता मागे वळून पाहते तर त्या दोन महिन्यांत मी जेवढी आनंदात होते तेवढी नंतर फारशी झाले नाही. पाटी आणली, तिच्या कडा तिनं पहिल्याच दिवशी चाटून पाहिल्या. रेक्झिनचं लाल दप्तर आणलं, ते पाठीला लावून ती पंख्याखाली झोपायची. बुटांचा खोका उशाशी. मी तिला रोज दुपारी समोर बसवून विचारायची, घरी कोण कोण असतं, बाबा कुठे कामाला जातात, आपण कुठे राहतो. शाळेच्या बाई विचारतात म्हणून. ती पाठ केल्यासारखं म्हणायची, आई, बाबा आणि मी, बाबा सातपूरला कंपनीत जातात.

शाळेनं जन्मदाखला मागितला. दादा बुधवारच्या बाजाराला कोथिंबीर घेऊन नाशकात यायचे. त्यांच्याजवळ मी चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एकच शब्द, मैथिली. म्हटलं, भाऊसाहेबांना सांगा, नाव घालायचं राहिलंय, ते घाला आणि दाखला आणा. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. दादांना अक्षरओळख सहीपुरती. पुढच्या बुधवारी ते मेथीच्या जुड्यांखालून कागद काढून माझ्या हातात देत म्हणाले, "घे बाई तुझं. लय देवमाणूस हाय नवा भाऊसाहेब, बसल्या जागी काम केलं."

मी वाचलं. आईचं नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर. मुलीचं नाव मैथिली. आणि तारीख दिवाळीनंतरची. थोरलीची.

मला समजायला वेळ लागला नाही. भाऊसाहेब बदलून आलेले. त्यांनी वही उघडली, आमची नावं असलेली रिकाम्या जागेची ओळ दिसली, त्यांनी नाव भरलं. पुढची पानं कशाला उलटतील? एका आईबापाच्या दोन मुलींच्या दोन ओळी आणि दोन्ही नावाविना, असं कुणाच्या डोक्यात येतं? दादांना मी चहा दिला. ते गेल्यावर धोंडी अंगणात खेळत होती तिला ओढून आत आणलं आणि दार लावून घेतलं.

माझी भीती काय होती ते स्पष्टच सांगते. एक तर जिवंत पोरीचं नाव मेलेलीच्या ओळीत पडलं होतं. शिकलेसवरलेपण त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं. तो आठवडा मी तिला रस्ता ओलांडू दिला नाही, ती शिंकली तरी कपाळाला हात लावून पाहायचे. पण दुसरी भीती त्याहून वाईट होती. थोरलीचा फोटो नव्हता. नाव नव्हतं. तिचं झबलंसुद्धा आईनं कुणाला देऊन टाकलं होतं. ती या जगात येऊन गेली याला पुरावा म्हणून एवढी एक ओळ होती, दादांच्या काटेकोरपणामुळे राहिलेली. तीही आता आम्ही धाकटीला घालून टाकत होतो, थोरलीचा आखूड झालेला झगा धाकटीला घालावा तशी. पुढे कुणी ती ओळ वाचली तर त्याला शाळेत गेलेली मुलगी दिसणार होती, आणि माझी पहिली पोर कधी जन्मलीच नव्हती असं होणार होतं.

यांना कागद दाखवला. मला वाटलं, यांच्या लक्षातही येणार नाही, पुरुषांना कुठल्या तारखा आठवतात. यांनी वाचला, घडी घातली, माझ्याकडे परत दिला.

"राहू दे तसाच," म्हणाले.

मी म्हटलं, अहो, ही तारीख...

"माहीत आहे मला कोणाची तारीख ती. म्हणूनच म्हणतो. तीही शाळेत जाईल तेवढीच."

मला त्या वेळी यांचा असा राग आला. सहा वर्षांत हा माणूस तिच्याविषयी अक्षर बोलला नव्हता आणि आता एकदम हे. मी म्हटलं, दोघींना एकाच ताटात वाढू का? हे कामाला निघून गेले. आज तो राग उतरलाय. आज कळतं की यांनी त्यांच्या परीनं तिच्यासाठी जागा मागितली होती आणि मी अंगावर धावून गेले होते.

गणवेश मी घरीच शिवला. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज. माप न घेताच कापड बेतलं, रोजचा हात होता, नजरेनं जमायचं. शिवून झाल्यावर धोंडीला घातला तर स्कर्ट पोटऱ्यांच्या खाली, बाह्या कोपराच्या पुढे, खांदे दोन्हीकडून ओघळलेले. शेजारीण म्हणाली, बरं केलंस, वाढत्या अंगाचा हवाच, दीड वर्ष तरी निघेल. मी हो म्हटलं. गणवेश खुंटीला अडकवला. पंखा लावला की तो हलायचा, आणि दुपारी मशीनवर बसल्या बसल्या मला कडेला कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. धोंडीएवढं नाही, तिच्याहून चांगलं वीतभर उंच. मी दोन-तीनदा मान वर करून पाहिलं. मग तो काढून कपाटात ठेवला, तर कपाट उघडायची धास्ती वाटू लागली. शेवटी एका दुपारी शिवण उसवली आणि या वेळी पोरीला समोर उभी करून टेपनं माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी सीबीएसवरून दिंडोरीची एसटी पकडली. म्हसरूळ मागे पडलं की तेव्हा दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागायच्या. छाटणी होऊन महिना झालेला, मांडवांवर कोवळी पानं. ती खिडकीशी, मी तिच्या फ्रॉकचा बंद मुठीत धरून. यांना सांगितलं नव्हतं.

पंचायतीत भाऊसाहेब एकटेच होते. बरोबर आलेले दादा बाहेर पारावर ओळखीच्यांत बसले. मी दाखला टेबलावर ठेवला आणि म्हटलं, नाव चुकीच्या ओळीत पडलंय. त्यांनी वही काढली, बोट ठेवलं, म्हणाले, ही तुमचीच ना? मी म्हटलं, माझीच, पण ही थोरली, शाळेत घालायचीय ती धाकटी. त्यांनी पानं उलटली, दुसरी ओळ सापडली. जीभ चावली बिचाऱ्यांनी. म्हणाले, सोपं आहे, आधीचं खोडतो, इथे लिहितो, तुम्ही सही करा. लाल पेन काढलं आणि नावावर पट्टी ठेवली.

तेव्हा मी ते नाव लिहिलेलं नीट पाहिलं. तिच्या तारखेसमोर, तिच्या आईबापासमोर. माझ्या डोक्यात सहा वर्षं ते जिथे होतं, बरोबर तिथेच ते पडलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "ते खोडू नका. ते तिचंच नाव आहे."

"मग धाकटीचं?"

मला एकही नाव सुचेना. खरंच सांगते, एकही नाही. बाईमाणूस नावांच्या बाबतीत कधी अडत नाही, शेजारणीच्या सुनेच्या पोराला दहा नावं सुचवील. भाऊसाहेबांनी वाकून तिलाच विचारलं, बाळ, नाव काय तुझं? ती ठणकावून म्हणाली, धोंडी. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पेनचं टोपण चावत म्हणाले, "शाळेत पोरं छळतील हो हिला. माझ्या मुलीचं नाव अर्चना ठेवलंय. बघा, चालतंय का." मी मान हलवली. अशी आमची अर्चना अर्चना झाली.

हे तिला मी तिच्या नववीत सांगितलं. ती हसून हसून लोळली. म्हणजे मला सरकारी नाव आहे, म्हणाली. मग दोन दिवसांनी, भाजी निवडता निवडता, सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, चांगलं नाव तू तिला दिलंस आणि उरलेलं मला. खरंच आहे ते. मेलेलीचं राखायचं म्हणून मी जितीच्या हातातलं काढून घेतलं. अर्चना हे नाव वाईट नाही, तिला शोभतंही. पण मी ते निवडलं नव्हतं, हे तिला कळलंय आणि ते आता परत घेता येत नाही.

तर भाऊसाहेब नवा दाखला लिहीत होते. लिहिता लिहिता, नुसतं बोलायचं म्हणून, त्यांनी विचारलं, "थोरली कुठंय मग?"

मी म्हटलं, "गेली."

सहा वर्षांत मी स्वतःच्या तोंडानं ते पहिल्यांदा बोलले. सगळ्यांनी मला जो शब्द दिला होता, तोच. मला वाटलं, आता हे पेन खाली ठेवतील, च् च् करतील, मग कधी, कशानं, नोंद केली का, सगळं विचारतील. त्यांनी मान वर केली नाही. थोरलीच्या ओळीतल्या तारखेवरून बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाले, "दुसरीला ना?"

खोलीत पंखा फिरत होता. मी म्हटलं, "हो. दुसरीला गेली."

किती सोपं गेलं ते. दोन शब्दांत ती वाढली, तिचे दात पडले, पहिली पास झाली. भाऊसाहेबांनी शिक्का मारला. मयताची नोंद कोणी केलीच नव्हती, ती त्या दिवशीही झाली नाही. पुढे दादांनी एकदा विचारलं, करून टाकू का, मी नको म्हटलं. त्या वहीत ती अजून आहे, नावासकट.

परतीच्या एसटीत अर्चनानं विचारलं, आई, दुसरीला कोण गेलं? मी म्हटलं, ताई. ती म्हणाली, कोणाची? मी म्हटलं, आपली. आणि तिला खिडकीकडे वळवलं, म्हटलं, बघ, कसे मांडव पळतायत. मला वाटलं, पोर आहे, विसरेल. खरं म्हणजे मला त्या खोट्याची गोडी लागली होती आणि ते इतक्या लवकर सोडवत नव्हतं.

घरी यांनी दाखला पाहिला. अर्चना कुठून आलं, म्हणाले. मी म्हटलं, सुचलं. यांनी तारीख पाहिली आणि कागद पिशवीत ठेवला. वह्यांच्या लेबलांवर मी नवं नाव लिहिलं, नवखेपणानं दोनदा चुकले.

शाळेचा पहिला दिवस. सकाळी ती रडली नाही, मीही नाही. तिच्या डब्यात साखर-तूप लावलेल्या पोळीचे दोन गुंडाळे दिले. साडेबाराला आणायला गेले तेव्हा वर्गाच्या बाई तिचा हात धरून फाटकाशीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, शांत बाई. म्हणाल्या, "तुमची मुलगी मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गाच्या दारात उभी होती. घंटा झाली तरी हलेना. म्हणे, ताई यायचीय. डबाही अर्धा ठेवलाय तिच्यासाठी. मोठी आज आली नाही का?"

मला तीन उत्तरं एकदम सुचली. आजारी आहे. आजोळी आहे. दुसऱ्या शाळेत आहे. तिन्ही चालली असती. अर्चनानं डबा उघडून मला दाखवला. एक गुंडाळा तसाच होता, तूप थिजलेला. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, नुसती कंटाळली होती वाट बघून. एवढ्याशा पोरीला मी कोणत्या कामाला लावलं होतं.

मी तिथेच फाटकात खाली बसले. तिचे दोन्ही हात धरले.

"अर्चना, ताई वारली गं."

तिनं जरा विचार केला. "आज?"

"हो," मी म्हटलं. "आज."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेल्या. घरी आले ती सरळ मोरीत. आधी मी डोक्यावरून अंघोळ केली, मग तिला घातली. ती म्हणाली, सकाळी तर झाली होती. मी म्हटलं, कोणी गेल्याचं कळलं की परत करायची असते. तिनं डोळे मिटून घेतले आणि पाणी ओतू दिलं. त्या दुपारी मी मशीन लावलं नाही, गॅस पेटवला नाही.

चारच्या सुमारास हे पहिल्या पाळीवरून आले. आम्ही दोघी दारातल्या पायरीवर बसलो होतो, दोघींचे केस ओले, मोकळे. हे सायकल टेकवता टेकवता थांबले.

"कोण गेलं?"

मी तोंड उघडायच्या आत अर्चना म्हणाली, "ताई."

हे तसेच उभे राहिले. एक हात सायकलवर. मग डबा माझ्याजवळ दिला, बूट काढले, आणि कपड्यांनिशी मोरीत गेले. बराच वेळ आतून तांब्यावर तांब्या ओतल्याचा आवाज येत राहिला. मी टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिले.